मीटररूममधलं पिल्लू आणि तिसऱ्या मजल्यावरची दूधआई: एक प्रकरण अभ्यास

पावसाळ्यात मांजराच्या पिल्लांची प्रकरणं एकामागून एक येतात आणि त्यातली बरीचशी एकाच तऱ्हेची असतात. आई मेलेली, पिल्लू दोन-तीन दिवसांचं, आणि जवळपास कुठेतरी दुसरी एखादी मांजरी नुकतीच व्यायलेली. अशा प्रकरणांतलं एक नमुन्याचं प्रकरण इथे पहिल्या सकाळपासून आठव्या आठवड्यापर्यंत मांडलं आहे. ठिकाण पुण्यातली एक सोसायटी, महिना ऑगस्ट. वजनं, तापमानं आणि दुधाची मापं मुद्दाम दिली आहेत, कारण हे काम अंदाजाने केलं की फसतं.

‘मांजरी परकं पिल्लू जवळ करेल का?’ हा प्रश्न प्रत्येक जण आधी विचारतो. पाजती मांजरी बहुतेक वेळा जवळ करते. पिल्लं दगावतात ती गार अंगात दूध घातल्यामुळे, नाहीतर दूधआईकडे सोपवल्यावर ‘आता तीच बघेल’ म्हणून वजन करायचं सोडून दिल्यामुळे.

मीटररूम

सकाळी साडेसातला वॉचमनकाकांना मीटररूममधून बारीक, चिरका आवाज ऐकू आला. जुन्या वायरींच्या खोक्यात दोन पिल्लं होती. एक केव्हाच गेलं होतं. दुसरं पोटावर पडून मान इकडून तिकडे हलवत होतं. त्याच्या नाळेच्या वाळक्या तुकड्याला आणि मिटलेल्या डोळ्यांच्या चिरांना तांबड्या मुंग्या लागल्या होत्या.

एरवी पिल्लू दिसलं की लगेच उचलायचं नसतं. आई खाणं शोधायला तास-दोन तास जाते, किंवा एकेक पिल्लू दुसऱ्या जागी हलवत असते. पिल्लू उबदार असेल, पोट भरलेलं असेल, गप्प पडलं असेल तर लांब उभं राहून चार-सहा तास वाट बघावी. नजर ठेवायला कोणी नसेल तर खोक्याभोवती कणकेचं पातळ रिंगण टाकावं. आई येऊन गेली तर त्यात पंजे उमटतात. पण अंगाला मुंग्या लागलेलं किंवा हाताला गार लागणारं पिल्लू असं वाट बघण्यात घालवायचं नाही. इथे दोन्ही होतं. शिवाय रात्री गेटसमोर गाडीखाली आलेली करड्या पट्ट्यांची भाटी सगळ्यांच्या ओळखीची होती. तिच्या सडांभोवतीचे केस झडलेले होते आणि सड ओढल्यासारखे लांबट झाले होते, म्हणजे ती पाजती होती. आई परत येण्याची आशा तिथेच संपली.

मुंग्या ओल्या मऊ फडक्याने आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने एकेक करून काढल्या. मुंग्या मारायचा खडू, पावडर, रॉकेल यातलं काहीही पिल्लाजवळ येता कामा नये. त्या खडूत आणि कुत्र्यांच्या बऱ्याच गोचीड-पावडरींत पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत, आणि चाटून पोटात गेली की झटके येतात.

वय कसं ठरवलं? नाळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान गळते. इथे ती वाळून चिकटलेली होती, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटून दुमडलेले. म्हणजे वय दोन-तीन दिवस. किचनच्या डिजिटल काट्यावर वजन भरलं ७८ ग्रॅम. जन्मतः पिल्लू ९० ते ११० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅमने वाढतं. हे पिल्लू जन्माच्या वजनाच्याही खाली गेलं होतं.

आधी ऊब, मग दूध

“ताई, चमच्याने थोडं दूध पाजू का? कोमट करून आणलंय,” वॉचमनकाका वाटी घेऊन उभे होते.

“नको काका, आत्ता थेंबसुद्धा नको. आधी अंग गरम होऊ दे.”

पहिल्या आठवड्यात पिल्लाचं तापमान ३५ ते ३६.७ अंश सेल्सिअस असतं. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवल्यावर आकडा आला ३२.८. माणसांच्या डिजिटल थर्मामीटरवर ३२ च्या खाली आकडा येतच नाही, फक्त ‘कमी’ अशी खूण येते. तशी खूण आली तर पिल्लू त्याहूनही गार आहे असं समजावं. अंग साधारण ३४.४ अंशांखाली गेलं की आतडी हलायची थांबतात. मग पोटात गेलेलं दूध तिथेच पडून राहतं, आंबतं, पोट फुगवतं. गिळण्याची ताकदही नसल्यामुळे त्यातलं थोडं श्वासनलिकेत उतरतं. ‘पाजलं आणि तासाभरात गेलं’ अशा ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. दूध आणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून त्याला कारण नीट समजावून सांगावं.

ऊब द्यायची ती सावकाश, दोन ते तीन तासांत. बुटाच्या खोक्यात टॉवेलची चौपदरी घडी अंथरली. एका कडेला कोमट पाण्याच्या दोन बाटल्या सुती कपड्यात गुंडाळून ठेवल्या आणि दुसरी कडा मोकळी सोडली. फार गरम झालं तर सरकायला जागा हवी, आणि अशक्त पिल्लाला सरकता येत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी हात लावून बघावं लागतं. मनगटाच्या आतल्या बाजूला बाटली चटका देत असेल तर ती पिल्लालाही चटका देणारच. बाटल्या नसतील तर जाड मोज्यात कच्चे तांदूळ भरून, गाठ मारून मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तरी चालतात. हेअर ड्रायर, गॅसची धग, गरम पाण्याची आंघोळ वर्ज्य. कातडी एकदम तापली की रक्त तिकडे धावतं आणि आतले अवयव उपाशी राहतात.

या वेळात गार पिल्लाला रक्तातल्या साखरेपुरता आधार द्यायचा. अर्धा कप कोमट पाण्यात एक चहाचा चमचा ग्लुकोज पावडर विरघळवून त्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांना चोळले, दर वीस मिनिटांनी. तोंडात ओतलं नाही. नऊच्या सुमाराला ३४.१, सव्वादहाला ३५.६. पिल्लाचा आवाज बदलला होता. आधीचं ओरडणं बारीक आणि न थांबणारं होतं, आता तोंडाशी बोट नेलं की ते शोधत, थांबून थांबून ओरडायला लागलं.

डॉक्टरांकडे

दवाखान्यात नेताना खोकं बाटल्यांसकट नेलं. तपासणीत पहिल्यांदा टाळू बघतात, कारण टाळू फाटलेला असेल तर दूध नाकातून येतं आणि दूधआईचा काही उपयोग होत नाही. टाळू नीट होता. गुदद्वार उघडं, नाळेला सूज नाही, पिसवा चारच, बारीक फणीने निघाल्या. एवढ्याशा अंगावर पिसवा जास्त असतील तर त्या रक्त पिऊन जीव घेऊ शकतात, पण आठ आठवड्यांच्या आत मानेवर सोडायचं पिसवांचं औषध चालत नाही. फणी, आणि अगदीच गरज पडली तर अंग पूर्ण गरम असताना कोमट पाणी व सौम्य साबण, मग लगेच कोरडं करणं, एवढेच उपाय.

हिरड्या चिकट लागत होत्या. कोमट कापसाने मागचा भाग हलके पुसल्यावर लघवीचे दोन थेंब गडद पिवळे आले. दोन्ही पाणी कमी झाल्याच्या खुणा. डॉक्टरांनी कातडीखाली ३ मिली कोमट सलाईन दिलं. हे काम घरी करायचं नाही.

करंगळी तोंडात दिल्यावर जिभेने पन्हळ करून ओढ घेतली, तेव्हा पहिलं दूध दिलं. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दूधपावडरीचं, डब्यावरच्या मापाने, अंगाइतकं कोमट. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिनं असतात, त्यामुळे ते पाणी घालून पातळ केलं की पिल्लाला आणखीच कमी मिळतं. पातळ केल्याने पचतं ही समजूत घराघरांत आहे आणि ती पिल्लांना फार महागात पडते.

माप असं काढायचं. दिवसाला १०० ग्रॅम वजनामागे सुमारे २० किलोकॅलरी, म्हणजे ७८ ग्रॅमला १६ च्या आसपास. तयार दुधात एका मिलीला साधारण एक किलोकॅलरी धरली तर दिवसाचं १६ मिली, आठ वेळा, प्रत्येक वेळी २ मिली. पोट १०० ग्रॅमला ४ मिलीच्या आसपास मावतं, त्यामुळे या पिल्लाला एका वेळी ३ मिलीच्या वर कधीच नाही. सुई काढलेल्या २ मिलीच्या सिरिंजला मऊ रबरी बोंडलं लावून, पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. दांडा दाबून ढकलायचा नाही, पिल्लाने ओढलं तेवढंच सोडायचं. दूध नाकातून आलं तर लगेच थांबून डोकं खाली करायचं.

हे सगळं आठवडे चालवता येतं, आणि दूधआई मिळाली नाही तर चालवावंच लागतं. पण रात्री-अपरात्री दर तीन तासांनी पाजणं, प्रत्येक वेळी कापसाने पुसून लघवी-शी करवणं, खोकं ३० अंशांच्या आसपास ठेवणं ही सगळी कामं मांजरी जिभेने आणि पोटाच्या उबेने करते. तिच्या दुधातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यात राखणीला राहतात, ती डब्यात नसतात. आणि भावंडांत वाढलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं. एकटं बाटलीवर वाढलेलं मांजर पुढे हाताला कडकडून चावतं, हे पाळणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

दूधआई निवडताना

त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एका आजींकडे पांढरी-काळी देशी मांजरी सहा दिवसांपूर्वी व्यायली होती. तीन पिल्लं, वजनं १६२, १७०, १७९ ग्रॅम. मांजरी घरातच राहणारी, दरवर्षी लस घेतलेली, आजींच्या हाताला सवयीची.

वयाचा फरक तीन-चार दिवसांचा. हा फरक आठवड्याच्या आत असावा. दोन आठवडे मोठ्या पिल्लांत नवजात टाकलं तर ती त्याला सहज बाजूला ढकलतात. मांजरीला सहसा आठ सड असतात. तिच्याकडे तीनच पिल्लं असल्यामुळे चौथ्याला जागा होती. पाच-सहा पिल्लं असलेल्या मांजरीवर आणखी एक लादणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

खरा अवघड निर्णय संसर्गाचा होता. अनोळखी आईचं पिल्लू नव्या घरात पॅनल्युकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा साथीचा रोग), मांजरांचा फ्लू किंवा ल्युकेमियाचा विषाणू नेऊ शकतं, आणि त्याची किंमत आजींची तीन पिल्लं मोजतील. उलट बाजूने, दूधआईलाच ल्युकेमियाचा विषाणू असेल तर तो तिच्या लाळेतून आणि दुधातून पाहुण्या पिल्लाला मिळेल. दूधआईची ल्युकेमिया आणि एफआयव्हीची (माणसांतल्या एचआयव्हीसारखा मांजरांचा विषाणू) झटपट चाचणी करता येते, रक्ताचे काही थेंब आणि पंधरा मिनिटं पुरतात. ती केली, दोन्ही नकारार्थी. पिल्लाच्या बाबतीत एवढी खात्री मिळत नाही. इतक्या लहान वयात ल्युकेमियाची चाचणी नकारार्थी आली तरी विषाणू शिरलेला असू शकतो, आणि एफआयव्हीची चाचणी आईच्या प्रतिपिंडांमुळे खोटीच होकारार्थी येऊ शकते. मोठ्या मांजरांना दोन आठवडे वेगळं ठेवतात. ७८ ग्रॅमच्या पिल्लाकडे दोन आठवडे नसतात.

आजींना हे सगळं काही न झाकता सांगितलं. जमेच्या बाजूला एवढंच होतं की त्यांच्या मांजरीची लस पूर्ण होती, तिच्या पिल्लांना तिचा चीक मिळाला होता, आणि पाहुण्याला जुलाब, शिंका, डोळ्यांतून पाणी असं काहीच दिसत नव्हतं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आण. पण माझ्या पिल्लांना शिंक जरी आली तरी मी फोन करणार.” दूधआईच्या माणसाकडून यापेक्षा चांगलं उत्तर मिळत नाही. ज्या घरात हा धोका समजून घ्यायची तयारी नाही, तिथे पिल्लू देऊ नये.

रक्तगटाचाही एक मुद्दा असतो, तो इथे वयामुळे निकालात निघाला. मांजरांत ए आणि बी असे मुख्य गट आहेत. बी गटाच्या मांजरीच्या चिकात ए गटाच्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडं असतात, आणि पिल्लाचं आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच रक्तात घेतं. त्यामुळे काही तासांचं पिल्लू, विशेषतः पर्शियन किंवा ब्रिटिश शॉर्टहेअर दूधआईकडे, तपासल्याशिवाय देऊ नये. लाल-तपकिरी लघवी आणि पिवळी कातडी ही त्याची खूण. आपलं पिल्लू दोन दिवस स्वतःच्या आईजवळ होतं. चीक मिळायचा तो मिळून गेला होता आणि हा धोकाही मागे पडला होता.

संध्याकाळ

दिवसभरात तीनदा २ मिली दूध पचलं, शी पिवळसर आणि टूथपेस्टसारखी झाली, तापमान ३६ वर टिकलं. संध्याकाळी सहाला पिल्लू वर नेलं. त्याच्या आधीचं पाजणं मुद्दाम चुकवलं होतं. भुकेलं पिल्लू सड शोधतं, पोट भरलेलं पिल्लू झोपतं.

दुपारी आजींनी मांजरीच्या अंथरुणातलं एक फडकं खाली पाठवलं होतं. त्या फडक्याने पिल्लाला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळलं, विशेषतः मागचा भाग, कारण मांजरी तिथेच हुंगते. दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास राहू नये म्हणून त्याआधी कोमट पाण्याने पुसून घेतलं. फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, त्यामुळे ती हातालाही नकोत. साधा साबण पुरतो. वर गेल्यावर आजींचं सगळ्यात लहान पिल्लू आणि पाहुणं एकाच फडक्यात वीस मिनिटं एकमेकांना चिकटून ठेवलं. मांजरी पहिल्या आठवड्यांत पिल्लं मोजत नाही आणि चेहऱ्याने ओळखत नाही. घरट्याचा वास असला की ते तिचं. शेतांवर एकत्र राहणाऱ्या माद्या एकमेकींची पिल्लं पाजतात, ती हीच वृत्ती.

मांजरीला बाहेरच्या खोलीत उकडलेलं चिकन दिलं. ती खात असताना दोन्ही पिल्लं परत ठेवली, पाहुणं ढिगाच्या तळाशी, मधोमध. मग ती आली. खोक्याच्या कडेवर पुढचे पाय ठेवून थांबली, मान खाली घातली, हुंगलं. पाहुण्यापाशी नाक जरा जास्त वेळ राहिलं. मग जीभ बाहेर आली आणि तिने त्याचा मागचा भाग उलटवून चाटायला सुरुवात केली, इतक्या जोरात की पिल्लू गडगडलं. आत येऊन कुशीवर पडली आणि घुरघुरायला लागली. आजींनी तोवर श्वास धरून ठेवला होता.

असंच होईल असं नसतं. रोखून बघणं, कान मागे पाडणं, फिस्कारणं, पंजा मारणं ही नाखुशीची चिन्हं. त्या वेळी पिल्लू काढून घ्यावं, ऊब द्यावी, दोन-तीन तासांनी वासाची तयारी पुन्हा करून दुसरा प्रयत्न करावा. मांजरीची मान दाबून पिल्लू सडाला लावणं हा सगळ्यात वाईट मार्ग. ती त्या पिल्लाचा संबंध दाबल्या जाण्याशी जोडते, आणि मग कधीच जवळ करत नाही. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर दुसरी दूधआई बघावी.

पाऊण तासाने तिने पाहुण्याला मानेला धरून उचललं आणि कपाटाकडे निघाली. आजींना वाटलं, टाकून देते आहे. त्यांना धावू दिलं नाही. दोन मिनिटांत ती परत येऊन स्वतःचं पिल्लू घेऊन गेली, मग दुसरं, मग तिसरं. खोकं खिडकीजवळ होतं, पावसाचं पाणी गजांवरून आत उडत होतं, आणि तिला कोरडा कोपरा हवा होता. उचलून नेणं म्हणजे नाकारणं असं नाही. एकालाच नेऊन एकटं टाकून ती परत आली, तर ते नाकारणं. पुढे घरटं तिथेच, कपाटाशेजारी मांडलं. खोकं बुटक्या स्टुलावर ठेवून स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्यांवर हा जुना उपाय अजूनही सगळ्यात खात्रीचा आहे. स्टूल बुटकंच हवं, कारण मांजरी तोंडात पिल्लू धरून उडी मारते.

काटा काय सांगतो

पहिल्या रात्री सगळे आनंदात होते. पाहुणं रांगेत सडाला लागलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ८१, त्याच संध्याकाळी ८१, तिसऱ्या दिवशी सकाळी ८०.

अशी प्रकरणं हातची जातात ती याच टप्प्यावर, कारण डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. जवळ बसून पाहिल्यावर कारण कळलं. पिल्लं पहिल्या दोन-तीन दिवसांत आपापला सड ठरवून घेतात. भरपूर दुधाचे मागचे सड आजींच्या तिघांनी कधीच धरले होते. दुप्पट वजनाची ती पिल्लं पंजे मळत पाहुण्याला वर ढकलत होती, आणि पाहुणं छातीजवळच्या, कुणीच न ओढल्याने आटत चाललेल्या सडाला नुसतं लुचत होतं. तोंड हलत होतं, पण गिळणं नव्हतं. पिल्लू खरंच दूध पीत असतं तेव्हा ओढीच्या तालात त्याचे कान मागे-पुढे हलतात, आणि जवळ कान नेला तर बारीक चटक-चटक ऐकू येते. पाहुण्याचे कान स्थिर होते. तोंडातून सोडवल्यावर पोट सपाट, आणि लगेच ओरडणं.

उपाय असा केला. दिवसातून पाच वेळा दोन मोठी पिल्लं उबदार बाटलीसह वीस मिनिटं शेजारच्या टोपलीत. तेवढ्यात पाहुणं मागच्या सडाला लावायचं. आधी सडातून बोटाने थेंब काढून त्याच्या ओठांना लावायचा म्हणजे ते सोडत नाही. सगळ्या पिल्लांना एकदम काढलं तर मांजरी उठून शोधायला लागते, म्हणून एक तिच्याजवळ ठेवायचं. अशा प्रत्येक खेपेनंतर पोट बोटाने चाचपायचं, आणि सपाट वाटलं तरच सिरिंजने १.५ ते २ मिली. आधी सिरिंज दिली तर पिल्लू सड ओढत नाही, आणि न ओढलेला सड आटतो. वरचं दूध देताना हा क्रम उलटा होणं ही नेहमीची चूक आहे.

चौथ्या दिवशी सकाळी ८४. पाचव्या दिवशी ९१. सहाव्या दिवशी १०१, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा त्याचे कान हलताना दिसले. सातव्या दिवसापासून सिरिंज दोन वेळांवर आणली, नवव्या दिवशी बंद. तोवर वजन १३५ च्या पुढे गेलं होतं.

वजन रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, पाजण्याआधी, एकाच काट्यावर. पसरट डबा काट्यावर ठेवून शून्य करायचा, तळाशी रुमाल. चारही पिल्लांची वजनं लिहायची, कारण पाहुण्यामुळे घरची पिल्लं मागे पडत नाहीत ना हे बघणं तेवढंच महत्त्वाचं. दोन पिल्लं सारखी दिसत असतील तर अंगावर रंग लावू नये, मांजरी चाटते. गळ्यात दोरा तर कधीच नाही. शेपटीचं टोक, पंजाचा रंग अशा खुणा लिहून ठेवाव्यात. चोवीस तासांत वजन वाढलं नाही तर वरचं दूध सुरू. चोवीस तासांत घटलं तर डॉक्टर.

मांजरीची बाजू

चार पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट खाणं लागतं. दूध-पोळीवर किंवा नुसत्या मासळी-भातावर हे भागत नाही. आजींनी पिल्लांसाठीचं कोरडं खाणं सतत भरलेलं ठेवलं, कारण त्यात उष्मांक आणि कॅल्शियम जास्त असतं, शिवाय दिवसातून तीनदा उकडलेलं चिकन. पाणी दोन ठिकाणी. स्वतःच्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या नाहीत. पण पाजती मांजरी अचानक अस्वस्थ झाली, धापा टाकू लागली, चालताना पाय ताठ पडू लागले किंवा अंग थरथरू लागलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरलं असं समजून लगेच दवाखाना गाठायचा, सकाळची वाट न बघता. सड रोज चाचपायचे. एखादा कडक, तापलेला, लालसर-जांभळा झाला आणि दाबल्यावर तिने पाय झटकला तर तो स्तनदाह असतो, आणि त्याही वेळी डॉक्टरच.

डोळा

पाहुणं साधारण नऊ दिवसांचं असताना उजवा डोळा मिटलेलाच, पण पापणीखाली वाटाण्यासारखा फुगलेला दिसला. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, त्यामुळे मिटलेला असणं ठीक, फुगणं ठीक नाही. पापणीमागे पू साठलेला असतो आणि तसाच राहिला तर बुब्बुळ जातं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस पाच मिनिटं धरल्यावर आतल्या कोपऱ्यातून पिवळा पू आला. डॉक्टरांनी पापणी उघडून धुतली आणि प्रतिजैविकाचं मलम दिलं. घरात उरलेले माणसांचे थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असलं आणि डोळ्याला हर्पीस विषाणूचा व्रण असला तर तो व्रण चिघळतो.

आजींनी त्याच दिवशी फोन केला, कारण त्यांच्या मधल्या पिल्लाला दोन शिंका आल्या होत्या. ज्या धोक्याबद्दल आधी बोलणं झालं होतं तो आता समोर होता. चारही पिल्लांचे डोळे आणि नाकं दिवसातून दोनदा कोमट कापसाने पुसली, प्रत्येकाला वेगळा कापूस. अंथरूण रोज बदललं, आणि काढलेलं गरम पाण्यात धुतलं. फरशी आधी साबणाने, मग एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी या द्रावणाने पुसून, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुतली. मांजरी त्या वेळी दुसऱ्या खोलीत. शिंका चार दिवसांत थांबल्या, कुणाचंही वजन घटलं नाही. डोळा बाराव्या दिवशी स्वच्छ उघडला.

पुढचे आठवडे

इथून पुढे पाहुण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. दोन आठवड्यांना ते २०० ग्रॅमच्या पुढे, चार आठवड्यांना ३९०. तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी चौघांना वजनाप्रमाणे जंताचं औषध, आणि मांजरीलाही, कारण गोल जंत दुधातून उतरतात. चौथ्या आठवड्यात ताटलीत मऊ खाणं आणि उथळ ट्रे, ट्रेमध्ये गोळे न होणारी माती, कारण या वयात पिल्लं ती खाऊन बघतात. सहाव्या आठवड्यात पहिली लस ठरवली. पाहुण्याच्या आईला लस मिळालेली असण्याची शक्यता नव्हती, म्हणून त्याच्या बाबतीत उशीर केला नाही. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची लस बारा आठवड्यांना.

मांजरी पाजत असतानाही माजावर येऊ शकते, तेव्हा दार-खिडक्या बंद ठेवणं आजींच्या घरी नियमाने पाळलं गेलं. पिल्लांचं पाजणं सुटल्यावर दोन आठवड्यांनी, दूध आटल्यावर तिची नसबंदी झाली.

आठव्या आठवड्यात चौघांचं शेवटचं वजन लिहिलं गेलं: ८६०, ८३५, ८१०, आणि पाहुण्याचं ७४०. डोळा स्वच्छ, शेपूट ताठ. त्या दिवसापर्यंत आजींची तिघं ताटलीवर आली होती. पाहुणं तेवढं अजूनही रात्री मांजरीच्या मागच्या सडाला जाऊन लागायचं. आता तिथे त्याला ढकलणारं कुणी नव्हतं, आणि तीही उठून जात नव्हती.